आधी हात ठरव, मग पातं

पत्र असं आलं आहे:

"सर, नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यातला, वय 29, आयटीआय फिटर. वाळूजला सहा वर्षं कंत्राटावर होतो, रोजचे पाचशे पडायचे. काम सुटलं तसा गावी आलो. आमचे आजोबा लोहार. ऊसतोडीच्या टोळ्या त्यांच्याकडून कोयते घडवून न्यायच्या. कोयत्यावर त्यांची खूण असायची, तीन ठिपके. दादांनी भाता बंद करून वेल्डिंगचं दुकान टाकलं. मी मोबाईलवर बघून ट्रकच्या कमानपाट्याचे अकरा चाकू केले. पाच इंच पातं, बाभळीची मूठ, आणि शेजारचे मामा चपला करतात त्यांच्याकडून चामड्याचं म्यान. एक पाणी देतानाच, म्हणजे तापवून विझवतानाच, तडकला. तीन दोस्तांनी फुकट नेले, पाच 600 रुपयांना विकले, दोन घरी आहेत. विकलेल्यांपैकी एकाची धार नारळावर उडाली, एकाची मूठ मे महिन्यात सुटली. पुण्याच्या एकाने दोन्हीकडून धार असलेला अकरा इंची खंजीर मागितला आहे, चार हजार देतो म्हणतो, निम्मे आधी. दादा म्हणतात, 'हे नसतं कशाला करायलास? पोलिसाला घरी बोलावतूस का?' खर्चाचा हिशेब आणि चाकू कसे केले ते सोबत लिहिलं आहे, फोटोंची लिंकही दिली आहे. भाव काय ठेवू? ऑर्डर घेऊ का? आणि ब्रँड म्हणून इंग्रजी नाव ठेवावं म्हणतो, कोणतं ठेवू?"

आधी पुण्याचं मिटवू. ते दोन हजार उद्या खात्यात येऊन पडले तर पुढचं वाचायला तुला सवड राहणार नाही.

ती ऑर्डर घेऊ नकोस. शस्त्र अधिनियम 1959 सालचा, त्याखालचे आजचे नियम 2016 चे. त्या नियमांच्या यादीत तलवार, गुप्ती, संगीन, भाला यांच्या रांगेत खंजीर नावानिशी बसलेला आहे. चाकूचं वेगळं आहे. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर तो त्या यादीत जातो. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठीच घडवलेली पाती तिच्यातून वगळलेली आहेत. म्हणून तुझ्या आजोबांचा कोयता हे अवजार, आणि पुण्याच्या माणसाला हवा आहे तो प्रकार शस्त्र. दोन्हीकडून धार, टोकदार आणि अकरा इंच लांब अशा पात्याने भाजी चिरतात असं तू ठाणेदाराला सांगू शकशील का? 2018 साली औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकूंचा साठा पोलिसांनी पकडला होता. तेव्हा पार्सल घेणाऱ्यांबरोबर पोचवणाऱ्यांचीही चौकशी झाली. घडवणारा गावातलाच असला तर त्याचं घर शोधायला वेळ लागत नाही.

म्हणजे दादांचं म्हणणं खंजिराबाबत पूर्ण खरं. पाच इंची कामाच्या चाकूबाबत तेवढं खरं नाही, पण सगळं खोटंही नाही. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या काळात हत्यार जवळ बाळगून फिरायला बंदी असते आणि त्यात सुऱ्यांचाही उल्लेख असतो. पिशवीत दहा चाकू टाकून तू मोटारसायकलवर निघालास तर हवालदाराला तू कारागीर वाटणार नाहीस. म्हणून एक काम कर. दोन नमुने, उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदीचा कागद (ती फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नकोस) आणि आजोबांचा एखादा जुना कोयता घेऊन स्वतःहून ठाण्यात जा, दादांना सोबत ने. काय करतो, कोणासाठी करतो ते सांग आणि अर्जाची पोच घे. विक्रीची वही ठेव: तारीख, नाव, गाव, कशासाठी घेतला. पोराटोरांना विकू नकोस. आणि मोबाईलवर टाकलेले ते काळ्या कापडावरचे, कवटीशेजारचे फोटो आधी काढून टाक. तू लिंक दिली होतीस म्हणून पाहिले. शेतीच्या चाकूची जाहिरात अशी करतात होय?

आता मूळ मुद्दा. तुझ्या पत्रात चाकूचं सगळं आहे. पोलाद, लाकूड, चामडं, पैसे, नाव, सगळं. चाकूने कापायचं काय, ते कुठेच नाही. म्हणूनच एकाने तो नारळावर मारला. दुसऱ्याने बहुतेक कपाटात ठेवला असेल. आजोबांना हा प्रश्न पडला नसता. ऊसतोडीचा गडी समोर उभा असायचा, त्याच्या मनगटाची ताकद आणि त्याची सवय त्यांना ठाऊक असायची, कोयत्याचा बाक त्यावरून ठरायचा. तुझ्यासमोर मोबाईल होता. त्यातला माणूस कुठल्या तरी थंड देशातल्या जंगलात सरपण फोडतो, आणि त्याचा चाकू तू अंबाजोगाईत केलास.

तुझ्या गावापासून सीताफळ संशोधन केंद्र लांब नाही, अंबाजोगाईतच आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. तिथे जा आणि कलमं बांधणाऱ्या माणसाशेजारी एक अख्खी सकाळ बस. बोलू नकोस, त्याचा हात बघ. मग जालन्याकडे मोसंबीच्या एखाद्या रोपवाटिकेत जा, तिथे डोळे भरणारी, म्हणजे खुंटाच्या सालीत दुसऱ्या झाडाचा डोळा बसवणारी माणसं बघ. बीडच्या सीताफळाला, जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि या तिन्हींची रोपं कोणाच्या तरी हातातल्या छोट्या चाकूतून जातात. त्या चाकूचं पातं अडीच-तीन इंचांचं, पाठीला जेमतेम दोन मिलिमीटर. धार एकाच अंगाने: एक बाजू आरशासारखी सपाट, दुसरीला उतार. सपाट बाजूमुळे काप सपाट येतो, खुंट आणि काडी एकमेकांना चिकटून बसतात, कलम जगतं. डोळा भरणाऱ्याला सालीची कड उचलायला मुठीच्या मागे बोथट जिभळीही लागते. आणि एक गंमत बघशील. डावखुऱ्या माणसाला ही धार उलट्या अंगाने हवी असते. दुकानातले चाकू बहुतेक उजव्या हाताचे. बिचारा डावखुरा जन्मभर तिरका काप घेत राहतो. मराठवाड्यातल्या रोपवाटिकांत असे डावखुरे किती निघतील सांगता येत नाही, पण त्यांच्यासाठी चाकू घडवणारा तू एकटा असशील.

दुसरं गिऱ्हाईक घरातलं. चार-साडेचार इंच पातं, पातळ, भाजीपासून कलिंगडापर्यंत चालेल असं. शेतावर घर बांधलेले डॉक्टर-वकील, हुरडा पार्टीवाले, भेट म्हणून देणारे, हे लोक तो घेतील. ही दोन गिऱ्हाइकं पुरेत. कॅम्पिंग, ट्रेकिंग, शिकार वगैरे शब्द सध्या बाजूला ठेव.

आता धार का उडाली. तू लिहितोस, "लाल करून पाण्यात बुडवला." कमानपाट्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.65 टक्के असतो, शिवाय क्रोमियम, मँगनीज किंवा सिलिकॉन मिसळलेलं असतं. हे पोलाद तेलात विझवायचं असतं. पाणी त्याला फार जोराने थंड करतं. बाहेरचा थर आवळतो, आतला अजून फुगलेला असतो, आणि पातं मधोमध चिरतं. 'पाणी देणं' हा आपला जुना शब्द, म्हणून सगळे पाण्यातच घालतात. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गातल्या चाळीस पोरांसमोर ऐटीत पातं पाण्यात घातलं होतं. टिच्च असा बारीक आवाज आला. तो आवाज मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू गेला.

सोयाबीनचं साधं खाद्यतेल चालेल, लातूर शेजारी असताना त्याची वाण नाही. लोखंडी उभा डबा घे, झाकण हाताशी ठेव, तेल साठेक अंशांपर्यंत कोमट कर. कोमट तेल पातळ असतं, ते पात्याला लवकर वेढतं. गाडीचं जळकं ऑइल नको, त्याचा धूर छातीत जातो. पातं तापवताना आधी तीनदा लाल करून नुसतं हवेत गार होऊ दे. ठोकून ठोकून पोलादाच्या आत जो ताण बसलेला असतो तो याने सुटतो. मग शेवटचा ताव दे. दोरीला चुंबक बांधून ठेव. 770 अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला ओळख दाखवेनासं होतं. तुला त्याहून थोडं वर जायचं आहे, 830 ते 850. रंग उन्हात कळत नाही, दिवेलागणीला भट्टी लाव. रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबाचा भाता दिसला तर थांब. बाई घण घालत असते आणि बाप्या सांडशी धरून लोखंड फिरवत असतो. घाव कधी थांबवायचा हे दोघांपैकी कोणीही बोलून सांगत नाही, रंग सांगतो. वाळूजला सहा वर्षं मायक्रोमीटर धरून हे शिकायचं राहिलं असेल, त्यात लाज नाही.

तेलातून काढलेलं पातं काचेसारखं असतं. कानस त्यावरून घसरते, म्हणजे कडक झालं. तू इथेच थांबलास आणि थेट धार लावलीस, म्हणून नारळाने ती उडवली. त्याच संध्याकाळी ते पातं 200 अंशांवर दोन तास ठेवायचं, गार करायचं, पुन्हा दोन तास. केक भाजायची छोटी भट्टी पुरते, फक्त आत वेगळा तापमापक ठेव, तिच्या बटणावर विश्वास नको. घासून पांढऱ्या केलेल्या भागावर गवती पिवळा रंग चढतो, तो हवा. पुढे ग्राइंडरवर धार काढताना दर दोन घासण्यांनी पातं पाण्यात बुडव. कडेला निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मग कितीही घास, धार टिकणार नाही. पहिली चार पाती वाळूजला घेऊन जा. हीट ट्रीटमेंट करणाऱ्या शॉपमध्ये ओळखीचं कोणीतरी असेलच. रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या यंत्रावर, 58 च्या आसपास आकडा आला की समज, हात बसला. भंगारातल्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगाही असतात, लाखो खड्डे खाऊन आलेला असतो तो. जम बसला की बेअरिंगचं ईएन 31 पोलाद बिलासह विकत घे. त्यात कार्बन एक टक्क्याच्या घरात असतो, कलमाच्या बारीक धारेला ते चांगलं. त्याचा ताव वेगळा आहे, त्याबद्दल तेव्हा लिही.

मुठीचं थोडक्यात. बाभूळ निवडलीस ते बरोबर. गाडीची चाकं आणि अवजारांचे दांडे उगाच बाभळीचे करत नाहीत. पण तू ओली वापरलीस. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची कोरडी झळ लागली की ओलं लाकूड आक्रसतं आणि पातं सोडतं. लाकूड वाळायला साधारण इंचाला वर्ष लागतं. मुठीच्या फळ्या कापून घरात सावलीला ठेव, दर आठवड्याला किराण्याच्या काट्यावर वजन कर. वजन उतरायचं थांबलं की वाळली. बाहेरचं पांढरट लाकूड टाकून दे, आतला तांबूस गाभा घे. चिकटवायला चोवीस तासांचं इपॉक्सी वापर, पाच मिनिटांचं नको, शिवाय पितळेचे दोन रिपीट (रिव्हेट) हवेतच. वरून जवसाचं उकळलेलं तेल, हाताने चोळून, दिवसाआड पाच-सहा वेळा. आणि हे नीट ऐक: जवसाच्या तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. ते तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेतो. चिंधी दोरीवर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव. दादांच्या दुकानात गॅसच्या टाक्या आहेत.

म्यानाकडे वळतो, कारण तुझ्या पत्रात त्याला अर्धं वाक्य मिळालं आहे आणि गिऱ्हाइकाचा हात मात्र पहिल्यांदा तिथेच पडतो. हिशेबात तू लिहितोस, "म्यान मामांकडून करून घेतो, ते 250 घेतात." त्यात कातडं त्यांचं, दोरा त्यांचा, चार तास त्यांचे. तुला हे महाग वाटतंय असा सूर आहे. मला ते शरम वाटावी इतकं स्वस्त दिसतं.

मामांना विचार, कातडं कोणत्या पद्धतीने कमावलेलं आहे. चपलेचं असेल तर बहुधा झाडपाल्याच्या कमावणीचं, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलेलं असेल. तेच हवं. बुटा-पिशव्यांचं मऊ कातडं क्रोमवर कमावलेलं असतं. त्यात राहिलेले क्षार पोलादाला गंज आणतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं चाकू खराब निघाला. सालीचं कातडं ओलं केलं की आकार धरतं आणि वाळलं की तो सोडत नाही. आणि बघ, तुझ्या चाकूची मूठ बाभळीची, म्यान बाभळीच्या सालीत मुरलेलं. एका झाडाच्या दोन गोष्टी गिऱ्हाइकाच्या हातात येतात. असं खरं बोलायला मिळत असताना कवटीचे फोटो कशाला?

म्यान तीन मिलिमीटर जाड म्हशीच्या कातड्याचं हवं. दोन थरांच्या मध्ये धारेच्या बाजूने कातड्याचीच एक अरुंद पट्टी शिवायची. ती नसली तर चाकू आत-बाहेर होताना धार टाक्यांवर घासते आणि दोन महिन्यांत म्यान उसवून बोट कापतं. तुझ्या फोटोत ती पट्टी दिसत नाही. मामांना ती माहीत नसेल असं नाही. तू चपटं म्यान मागितलंस, त्यांनी दिलं. शिवण आरीने भोक पाडून, एकाच मेणाच्या दोऱ्याला दोन्ही टोकांना दोन सुया लावून, हाताची. मशीनची शिवण एका ठिकाणी तुटली की सुटत जाते, हाताची एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. शिवून झाल्यावर म्यान पाण्यात भिजवायचं, चाकूला तेल लावून प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळायची, आत घालून बोटांनी दाबत आकार काढायचा, आणि सावलीत वाळवायचं. उन्हात वाळवलं तर कातडं पापडासारखं होतं. टोकाला एक बारीक भोक ठेवा, आत पाणी साचणार नाही. सोबत चिठ्ठी घाल: चाकू म्यानात महिनोन् महिने ठेवू नये, मोसंबी-सीताफळ कापल्यावर पुसून तेलाचा हात द्यावा, पातं काळपट पडलं तर तो दोष समजू नये.

आता लटकवायचं कसं. तू पट्ट्यात ओवायची कडी केलीस. पुण्याच्या पँटीला ती ठीक. रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या बाईच्या लुगड्याला पट्टा कुठला? ती कमरेला खोचेल. मग म्यानाची पाठ गुळगुळीत आणि तोंड असं हवं की वाकलं तरी चाकू घसरणार नाही. धोतर-पायजमावाल्याच्या कमरेला करदोडा असतो, त्याला अडकेल असा बारीक फासा कर. हे मला एका जुन्या माळ्याने शिकवलं. मी दिलेलं पट्ट्याचं म्यान त्याने परत केलं होतं, आत चुन्याची डबी ठेवून. हसून म्हणाला, "मास्तर, याला तर डबीच बरी."

भाव. तुझाच हिशेब घेऊ. पोलाद 60, कोळसा आणि घासायचे पट्टे 110, पितळ आणि इपॉक्सी 70, मामांचे 250. झाले 490. विकलास 600 ला. उरले 110, आणि तू काम केलंस नऊ तास. तासाला बारा रुपये. वाळूजला आठ तासांचे पाचशे मिळत होते, म्हणजे तासाला साठाच्या वर. भाता आजोबांचा आणि वीज दादांची, म्हणून ती हिशेबात धरली नाहीस, तरी ही गत आहे.

मामांना आजपासून 350 दे. ती पट्टी, ते भिजवणं, करदोड्याचा फासा हे सगळं वाढलेलं काम आहे. तसा खर्च 590. तुझे नऊ तास 75 ने 675. बेरीज 1,265. आता वाया जाणं. अकरात एक तडकला, दोन बिघडले, म्हणजे आठ धड. साधारण चारात एक गेला. तो गेलेला उरलेल्या तिघांवर टाकायचा: 1,265 ला चाराने गुण, तिनाने भाग, 1,690 च्या आसपास येतात. खोकं, वीज, फोन मिळून 60. म्हणजे 1,750 ला तू ना नफा ना तोटा. संभाजीनगरच्या एखाद्या हस्तकलेच्या दुकानाने तीस टक्के कापले तर हातात 1,750 यायला छापील भाव 2,500 लागतो. घरी आलेल्यालाही 2,500 च सांग. दुकानात एक आणि अंगणात एक भाव ठेवलास तर दुकानवाला दुसऱ्यांदा माल घेणार नाही. हात बसला आणि चाकू सहा तासांत होऊ लागला तरी भाव उतरवू नकोस. ते तीन तास तू शिकून कमावलेले आहेत.

"एवढे कोण देणार?" हे तू विचारणारच. आठवडी बाजारातला माणूस देणार नाही, आणि त्याच्याकडे तो चाकू घेऊन जाऊही नकोस. तिथे पाऊणशे रुपयाला चाकू मिळतो आणि कांदा त्याच्यानेही चिरतो. त्या ताटात हात घालू नकोस.

कलमाच्या चाकूचं गणित निराळं. पोलाद थोडं, मूठ छोटी, म्यान साधं. सामान आणि मामांचं मिळून 260, तुझे चार तास 300, वाया धरून साडेसातशेच्या आसपास जातो. 800 ठेव आणि स्वतःच वीक, त्यात दुकानदार बसत नाही. 800 रुपये कलमं बांधणाऱ्या गड्याला जड आहेत, मान्य. म्हणून रोपवाटिकेच्या मालकाशी बोल. पहिले दोन चाकू त्याच्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात कुरकुऱ्या माणसाला पंधरा दिवस वापरायला दे, पैसे घेऊ नकोस. कुरकुऱ्याने काय शिव्या दिल्या त्या वहीत लिही, चाकू सुधार, मग भाव सांग. दोस्तांना फुकट दिलेल्या तिघांपेक्षा हे दोन जास्त कामाला येतील. परभणीला विद्यापीठाचे शेतकरी मेळावे भरतात, 18 मे आणि 17 सप्टेंबरला. तिथे टेबल मिळालं तर चाकू मांडून बसू नकोस. पाण्याच्या बादलीत काड्या ठेव आणि येणाऱ्याच्या हातात चाकू देऊन एक काप घेऊ दे. माळेगावच्या यात्रेचं नाव दादा काढतील. तिथे गर्दी मोठी, पण ती जनावरांची गिऱ्हाइकं, आणि यात्रेच्या बंदोबस्तात चाकूचं दुकान लावणं म्हणजे दिवसभर पोलिसांना उत्तरं देत बसणं.

राज्याबाहेर विकायची वेळ आली तर जीएसटीचं आधी सीएला विचार. राज्यातल्या विक्रीला उलाढालीची जी मोकळीक आहे ती बाहेर पाठवताना तशीच लागू होत नाही, हस्तकलेच्या वस्तूंना वेगळ्या सवलती आहेत, त्यात तुझा माल बसतो का ते तो बघेल. पार्सलवर 'भेटवस्तू' असं लिहून पाठवू नकोस. 'शेती अवजार, कलमाचा चाकू' असं स्पष्ट लिही, बिल आत ठेव आणि टोकाला बुचाचा तुकडा लाव.

पीएम विश्वकर्मा योजनेचं तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सांगेलच. 2023 च्या सप्टेंबरात ती सुरू झाली. अठरा कामांच्या यादीत लोहारही आहेत आणि चर्मकारही. म्हणजे तू आणि मामा दोघेही अर्ज करू शकता. एका कुटुंबातून एकालाच मिळतं, पण तुमची कुटुंबं दोन आहेत. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 पर्यंत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. प्रशिक्षण आणि अवजारं घे. कर्जाला तीस चाकू विकून होईपर्यंत हात लावू नकोस. मामांचा अर्ज तूच भरून दे, मोबाईल तुला चांगला येतो.

मामांचा विषय निघालाच आहे तर विचारतो, विकलेल्या पाच चाकूंपैकी एकावरही त्यांचं नाव गेलं का? चिठ्ठीत दोन ओळी घाल: पातं कोणी घडवलं, म्यान कोणी शिवलं. त्यांना आधी विचार, कदाचित नको म्हणतील. विचारायचं तरी.

ज्याची मूठ सुटली आणि ज्याची धार उडाली, त्या दोघांना फोन कर. चाकू परत घे, नवीन दे. बाराशे रुपयांचं नुकसान होईल. धार उडालेल्या पात्यातून कलमाचं छोटं पातं निघतं का बघ. तावावर घेऊन नरम कर, घडव, पुन्हा नीट तेल दे.

राहिलं नाव. इंग्रजीत लांडगा, गरुड, वीज असली नावं लावून बसलेले शंभरजण तुला मोबाईलवरच दिसतील. आजोबांच्या कोयत्यावर तीन ठिपके होते असं तू लिहिलंस आणि लगेच पुढे निघून गेलास. गावात एखाद्या घरी तो कोयता अजून असेल, ठिपक्यांमधलं अंतर मोजून घे. दादांच्या पेटीत पंचही सापडेल, वेल्डिंगवाले झाले तरी त्यांनी तो टाकला नसेल. ठिपके पात्यावर मुठीच्या जवळ, पाठीकडून मार. रिपिटांची भोकं पाडशील त्याच वेळी मार, पातं अजून नरम असताना. एकदा तेल दिलं की तिथे पंच बसणार नाही.